विम्याचे पैसे कुणाचे?

आयुर्विम्याच्या अर्जात नॉमिनीसाठी जेमतेम एक ओळ असते. नाव, नाते, वय. नावे एकाहून जास्त असतील तर कुणाला किती टक्के. अर्ज बहुधा एजंटच भरतो आणि जाता जाता विचारतो, ‘नॉमिनी कुणाला लावू?’ नुकताच नोकरीला लागलेला अविवाहित मुलगा म्हणतो, ‘आईचं लावा.’ त्या क्षणी ते उत्तर अगदी बरोबर असते. पुढे लग्न होते, मूल होते, घराचे कर्ज होते. रेशनकार्डावर नवे नाव चढते, आधारवरचा पत्ता बदलतो, गॅसचे पुस्तकही नव्या घरी येते. पॉलिसीवरची ओळ मात्र तशीच राहते, कारण हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो आणि पॉलिसी कपाटात असते. माणूस अकाली गेला की कपाट उघडते. सासू म्हणते, नाव माझे आहे. सून म्हणते, संसार माझा होता. दोघींचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच हा वाद दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळतो.

सामान्य माणसाची समजूत अशी की नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याला दिले. कायद्याची समजूत बराच काळ याच्या नेमकी उलट होती. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये नामनिर्देशनाची तरतूद आहे, पण नॉमिनीला मिळालेली रक्कम त्याच्या मालकीची होते की नाही, याबद्दल ते कलम गप्प होते. १९८३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला. नवऱ्याने प्रत्येकी दहा हजारांच्या दोन पॉलिसींवर बायकोचे नाव लावलेले होते. तो मृत्युपत्र न करता वारला, आणि त्याच्या आईने व मुलाने आपापला हिस्सा मागितला. न्यायालय म्हणाले, नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा हात आहे. विमा कंपनीने त्याला पैसे दिले की कंपनी मोकळी. त्यानंतर ते पैसे कुणाचे हे वारसा कायदा ठरवणार. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत पुरुषाची विधवा, आई, मुलगा आणि मुलगी हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. त्यांचे हिस्से समान. बाप मात्र दुसऱ्या वर्गात येतो, म्हणजे विधवा किंवा मूल मागे असेल तर त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. बापाच्या नावे नॉमिनेशन असले, तर त्याने पैसे घ्यायचे आणि सगळेच्या सगळे पहिल्या वर्गाच्या वारसांच्या हाती द्यायचे, असा या निकालाचा अर्थ होतो. कागदावर हे सरळ आहे. ज्या घरात मुलाच्या मृत्यूबद्दल सुनेलाच बोल लावला जातो, तिथे ते किती सरळ राहते हे सांगायला नको.

ही ‘हाता’ची भूमिका पुढे बँकेतल्या ठेवींना लागू झाली, आणि बऱ्याच चढउतारांनंतर शेअर्स व म्युच्युअल फंडांनाही. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी शेअर्सचा नॉमिनी मालकच होतो असा निकाल दिला होता. त्या प्रकरणात नॉमिनी पुतण्या होता आणि हक्क मागणारी विधवा. २०१६ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मत फिरवले. ज्या दाव्यात ते फिरले तो ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीचा होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: नामनिर्देशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही. मृत्युपत्र असेल तर मृत्युपत्राप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. शेअर्सपुरते मला हे पटते. शेअर ही माणसाच्या हयातीतली त्याची मालमत्ता असते. ती विकता येते, गहाण टाकता येते, आणि कंपनीच्या दप्तरातला एक रकाना तिची वाटणी ठरवू शकत नाही.

आयुर्विमा मात्र या रांगेतला नाही. तो नसल्याचे संसदेनेच सांगितले आहे. आधी वटहुकूम काढून आणि मग २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने कलम ३९ नव्याने लिहिले गेले. विमाधारकाने आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले, यांपैकी कुणालाही नॉमिनी केले असेल तर त्या रकमेवर त्या नॉमिनीचा लाभाचा हक्क राहील, असे सातवे उपकलम सांगते. भाऊ, बहीण, पुतण्या या यादीत नाहीत. ते पूर्वीसारखेच फक्त स्वीकारणारे हात. याच्या मागे विधी आयोगाचा २००४ चा १९० वा अहवाल होता. लाभार्थी नॉमिनी आणि नुसता पैसे गोळा करणारा नॉमिनी असा भेद कायद्यातच करा, असे आयोगाने सुचवले होते.

इतके झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण २०२५ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर जवळजवळ तोच प्रसंग पुन्हा आला. मुलाने लग्नाआधी आईला नॉमिनी केले होते. लग्न झाले, मूल झाले, नॉमिनी बदलायचा राहिला, आणि तो गेला. नव्या कलमाप्रमाणे आई लाभार्थी नॉमिनी. न्यायालयाने मात्र आई, पत्नी आणि मूल यांना प्रत्येकी एकतृतीयांश हिस्सा दिला. त्यामागचा तर्क थोडक्यात असा: वारसा कायदा बाजूला सारण्याचा संसदेचा हेतू असता तर तो स्पष्ट शब्दांत आला असता, विधी आयोगाने सुचवलेला भेद आणि विमाधारकाला द्यायचा पर्याय संसदेने जसाच्या तसा घेतला नाही, तेव्हा वारसांनी हक्क मागितला नाही तरच नॉमिनीचा हक्क पुरता मानायचा, वारस पुढे आले की वारसा कायदा चालणार.

या निकालाने त्या तान्ह्या मुलाला न्याय मिळाला, यात शंका नाही. तरीही माझ्या मते कायद्याचा हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे नीट तपासले तर खरी दुरुस्ती कुठे हवी तेही कळते. सातव्या उपकलमाच्या लगेच पुढचे आठवे उपकलम पाहा. विमाधारकानंतर, पण पैसे हातात पडण्याआधी, असा लाभार्थी नॉमिनी वारला तर रक्कम कुणाला? कायदा म्हणतो, त्या नॉमिनीच्या वारसांना. नॉमिनी नुसता हात असेल तर हात गळून पडल्यावर पैसे मूळ मालकाच्या वारसांकडे परतले पाहिजेत. ते नॉमिनीच्या वारसांकडे जातात, कारण कायद्याने त्याला मालक मानले आहे. नवव्या उपकलमात संसदेने एक मर्यादा जाणीवपूर्वक घातली: सातव्या-आठव्या उपकलमांमुळे विमाधारकाच्या धनकोंच्या हक्काला बाधा येणार नाही. सातव्या उपकलमातच आणखी एक अपवाद आहे. विमाधारकाचा पॉलिसीवरचा हक्कच अशा स्वरूपाचा असेल की तो असा लाभ देऊच शकत नव्हता, तर नॉमिनीला लाभ नाही. समजा, एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलेली पॉलिसी. जिथे अपवाद इतक्या बारकाईने लिहिले आहेत तिथे ‘वारसांनी मागणी केली नाही तरच’ हा सगळ्यांत मोठा अपवाद संसद लिहायला विसरली, असे मानणे कठीण आहे. आणि वारसांनी मागितलेच नाही तर नॉमिनीला १९८३ च्या निकालाखालीही कुणी हटकत नव्हते. मग दुरुस्तीने नेमके काय बदलले?

याला उत्तर म्हणून सांगितले जाते की वारशासारखा गंभीर विषय विमा कायद्याच्या मागच्या दाराने बदलता येत नाही. हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे सहावे कलम दीडशे वर्षांपासून हेच करत आले आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी पत्नीच्या किंवा पत्नी-मुलांच्या लाभासाठी घेतली, की ती त्यांच्यासाठी ठेवलेली विश्वस्त ठेव होते. ती नवऱ्याच्या ताब्यात राहत नाही, त्याच्या धनकोंना मिळत नाही आणि त्याच्या मिळकतीत धरली जात नाही. मद्रास इलाख्यातल्या हिंदूंना हे १९१३ च्या अखेरीपासून आणि बाकी देशातल्या हिंदूंना १९२३ पासून लागू आहे. तेव्हा कुणी मागच्या दाराची तक्रार केली नाही. (हे कलम इतके जुने आणि इतके उपयोगी असूनही पॉलिसी घेतानाच त्याचा फॉर्म भरावा लागतो, हे किती एजंट सांगतात, हा वेगळाच विषय.) विम्याची रक्कम मुळात वडिलोपार्जित शेतीसारखी किंवा सोन्यासारखी नसतेच. ती मृताच्या हयातीत कधी त्याच्या हातात नव्हती. ती त्याच्या मृत्यूनेच जन्माला येते, आणि तो गेल्यावर कुणाचे तरी भागावे म्हणून त्याने हप्ते भरलेले असतात. ‘कुणाचे’ हे त्याने सांगितले असेल तर ते मानणे हा वारसा कायद्याचा अवमान नव्हे. शिवाय कलम ३९ म्हणते की नॉमिनेशन पॉलिसीवर शेरा मारून बदलता येते तसेच मृत्युपत्रानेही रद्द करता येते. म्हणजे मृत्युपत्र करणाऱ्याचा शेवटचा शब्द कायद्याने राखलेलाच आहे.

तरीही कुणी म्हणेल की वारसा कायद्याप्रमाणे समान वाटणी हाच अधिक न्याय्य तोडगा आहे. १९८३ मध्ये त्याने सासूला वाचवले, २०२५ मध्ये सुनेला. हा युक्तिवाद वारसा कायदा मुळात न्याय्य आहे असे गृहीत धरतो. पुरुषांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे असेल. स्त्रियांच्या बाबतीत नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला नवरा-मुले नसली, तर तिच्या स्वकमाईवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा. तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्या मागे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ चा हा क्रम २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे उघडानागडा आला. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली एक मुलगी, सासरने घराबाहेर काढलेली. आई-वडिलांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, आणि चाळीस वर्षांनी गेली तेव्हा बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत बरीच रक्कम ठेवून गेली. ती रक्कम तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूतीने कायदा बदलत नाही असे म्हटले. त्याआधीच्या वर्षी विधी आयोगाने २०७ व्या अहवालात या कलमात दुरुस्ती सुचवली होती. ती आजतागायत झालेली नाही. आता अशाच एखाद्या कमावत्या विधवेने आयुर्विमा काढला आणि आईला नॉमिनी लावले अशी कल्पना करा. कलम ३९ जसे लिहिले आहे तसे वाचले तर पैसे आईचे. धारवाडचा अर्थ लावला, तर सासरकडचा कुणी भाचा दारात उभा राहून हिस्सा मागेल आणि आईच्या हातून रक्कम जाईल. एका प्रकरणात सुनेवर केलेली दया दुसऱ्या प्रकरणात लेकीच्या आईच्या मुळावर येते. न्यायालयापुढे एका वेळी एकच कुटुंब उभे असते, हे खरे. कायद्याचा अर्थ मात्र सगळ्या कुटुंबांना लागतो.

आता या बाजूवरचा सगळ्यांत जड आक्षेप. नॉमिनी मालक मानला तर नॉमिनेशन हे मृत्युपत्रच झाले, पण मृत्युपत्राची एकही काळजी न घेता. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. इथे एजंटच्या हातातले पेन पुरते. मृत्युपत्र करणारा माणूस निदान मरणाचा विचार करत असतो. विम्याच्या अर्जावर सही करणारा बहुधा प्राप्तिकराच्या सवलतीचा विचार करत असतो. लाखोंच्या रकमेचे भवितव्य अशा सहीवर सोपवायचे, आणि त्यापायी विधवेला व तान्ह्या मुलाला मोकळ्या हाताने पाठवायचे? आक्षेप रास्त आहे. पण तो नॉमिनेशनच्या परिणामाबद्दल कमी आणि त्याच्या वयाबद्दल जास्त आहे. धारवाडच्या प्रकरणातली अडचण आई मालक झाली ही नव्हती. लग्नाआधीच्या माणसाची इच्छा लग्नानंतरच्या माणसावर लादली गेली, ही होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात असेच एक प्रकरण झाले: बँकेतला कर्मचारी, लग्नाआधी आईचे नाव, लग्नानंतर ते तसेच, मागे विधवा आणि आई. हे दावे एकाच साच्यातून निघतात, आणि तो साचा म्हणजे बदलायची राहून गेलेली ओळ.

यावर इलाज आपल्याच कायद्यांत सापडतो. १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी योजनेत असे आहे की सदस्याला कुटुंब नसताना त्याने कुणालाही नॉमिनी केले असेल, तर कुटुंब झाल्याबरोबर ते नॉमिनेशन आपोआप रद्द समजायचे. ग्रॅच्युइटीच्या तरतुदींतही तेच तत्त्व आहे. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ख्रिस्ती आणि पारशी माणसाचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते; हिंदूंना ही तरतूद लागू केलेली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने घटस्फोट झाला की विम्यावरचे जुन्या जोडीदाराचे नाव आपोआप गळेल असा कायदा २००२ साली केला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो ग्राह्य धरला. आपल्याकडे घटस्फोटित पत्नीचे नाव पॉलिसीवर राहिले तर मृत्यूच्या वेळी ती ‘पत्नी’ असते का, याचे उत्तर कलम ३९ मध्ये नाही. म्हणजे हा प्रश्नही उद्या कुठल्यातरी तालुक्याच्या न्यायालयात उगवणारच.

माझे म्हणणे इतकेच की कलम ३९ मध्ये एक उपकलम वाढवावे: विमाधारकाचे लग्न, घटस्फोट किंवा पहिले अपत्य यांपैकी काहीही झाले की त्याआधीचे नॉमिनेशन संपले, आणि नवे केले नाही तर रक्कम वारसा कायद्याप्रमाणे वाटली जाईल. भविष्यनिर्वाह निधीचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण तिथे अवलंबून असलेले आई-वडीलही ‘कुटुंब’ धरले जातात; विम्यासाठी कसोटी या तीन घटनांचीच हवी. धारवाडच्या प्रकरणाला हा नियम लावून पाहा. लग्नाने आईचे नॉमिनेशन गळते, नवे झालेले नाही, म्हणून आई, पत्नी आणि मूल यांना प्रत्येकी एकतृतीयांश. न्यायालयाने जे दिले तेच मिळते, आणि सातव्या उपकलमाचा गळाही दाबावा लागत नाही. नोकरदार विधवेची आई मात्र सुरक्षित राहते, कारण वैधव्यानंतर लेकीने विचारपूर्वक लावलेले नाव कुठल्याही घटनेने रद्द होत नाही.

म्हाताऱ्या आईवर यात अन्याय होतो असे वाटेल. ज्या आईने दागिने मोडून मुलाला शिकवले तिचे नाव सून घरात आली म्हणून का पुसायचे? पण ते पुसले जात नाही, एकटीचे राहत नाही इतकेच. मुलाला आईलाच सगळे द्यायचे असेल तर लग्नानंतर पुन्हा एकदा तेच नाव लिहायला त्याला कुणी अडवलेले नाही. पुन्हा लिहिलेल्या त्या नावाला वजन असेल, कारण ते लिहिताना बायको-मूल त्याच्या डोळ्यांसमोर होते. इथे गोव्याची आठवण करून द्यावीशी वाटते. गोव्याच्या वारसा कायद्यात माणसाला आपल्या मिळकतीपैकी अर्धीच मनाप्रमाणे देता येते, उरलेली अर्धी हक्काच्या वारसांसाठी राखीव. मुस्लिम कायद्यातही वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एकतृतीयांशाहून जास्त देता येत नाही. महाराष्ट्रातल्या हिंदू माणसाला स्वकमाईबद्दल अशी कुठलीच मर्यादा नाही; तो सगळे शेजाऱ्याला देऊ शकतो. मर्यादा हवी की नको हा मोठा वाद आहे, आणि तो वारसा कायद्याच्या व्यासपीठावर व्हावा. विम्याच्या एका ओळीचा अर्थ वाकवून तो सोडवता येणार नाही.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. विमाधारकाचे लग्न झाले हे कंपनीला कसे कळणार, आणि चुकीच्या माणसाला पैसे दिले तर जबाबदार कोण? कळण्याची गरजच नाही. क्लेमचा फॉर्म भरताना नॉमिनीने मृताच्या लग्नाबद्दल आणि अपत्यांबद्दल प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यायचे; त्यावर विसंबून कंपनीने दिले तर ती आजच्यासारखीच मोकळी, आणि खोटे लिहिणारा वारसांना जबाबदार. नॉमिनेशन संपल्याचे दिसले तर कंपनी वारस दाखला मागेल. महाराष्ट्रात त्यासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा दाखला आणि उत्तराधिकार कायद्याखालचे प्रमाणपत्र असे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही मार्गांत काही महिने सहज जातात. त्या महिन्यांत विधवेचे भागायचे कसे, हा प्रश्न मला या योजनेतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यासारख्या, वर्षाला ४३६ रुपये हप्ता आणि दोन लाखांचे संरक्षण असलेल्या योजनेत तर दाखल्याच्या खटपटीतच माणूस थकेल. म्हणून ठरावीक रकमेपर्यंत वारसांच्या एकत्रित प्रतिज्ञापत्रावर पैसे द्यावेत आणि त्यापुढच्या रकमेलाच दाखला मागावा. भाऊ-बहिणींना लाभार्थी मानायचे की नाही, हेही त्याच वेळी ठरवावे. अविवाहित राहिलेल्या आणि बहिणीच्या आधाराने जगणाऱ्या माणसांची संख्या आपल्याकडे आता इतकी नगण्य राहिलेली नाही की कायद्याने त्यांची दखलच घेऊ नये.

तोपर्यंत परिस्थिती अशी आहे की धारवाडचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालातला प्रश्न शेअर्सचा होता, २०१५ नंतरच्या कलम ३९ चा नव्हे. म्हणून तीच पॉलिसी, तेच नाव आणि तसेच कुटुंब असले तरी बेळगावात एक आणि कोल्हापुरात दुसरा निकाल लागू शकतो, आणि दोन्ही ठिकाणचे वकील आपापल्या अशिलाला ‘केस मजबूत आहे’ असे प्रामाणिकपणे सांगू शकतात.